बिनधुराची गाडी

कामरगावच्या शाळेवर माझी बदली झाली, तेव्हा कारंज्याहून रोज जाणं-येणं करायचं ठरलं. पहिल्याच दिवशी मला पुंडलिकभाऊंच्या काळीपिवळी जीपमध्ये जागा मिळाली, पुढच्या बाकावर, दोन बायांच्या मध्ये चेपून. शाळेची वेळ होत आली होती आणि जीप हलायचं नाव घेत नव्हती.

"भाऊ, निघायचं ना?" मी विचारलं.

त्यांनी शांतपणे मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "बसा निवांत, मॅडम. गाव काही पळून नाई जाऊन राह्यलं."

हे वाक्य पुढे मी अकरा वर्षं ऐकलं. उंच, वाळका माणूस. खाकी शर्टाच्या खिशात कंगवा, आणि दर फेरीआधी तो एकदा केसांतून फिरणार. इतर ड्रायव्हर सीट मोजायचे, भाऊ माणसं मोजायचे. "धनजचा मामा आला. दवाखान्यातली म्हातारी आली. ते पिशवीवाली बाई राह्यली." सकाळी कोणी 'परतीला तुमच्याच गाडीत येतो' म्हणाला असेल, तर तो येईपर्यंत जीप हलत नसे. एकदा एका म्हाताऱ्यासाठी आम्ही पाऊण तास थांबलो होतो. म्हातारा दुसऱ्याच गाडीनं निघून गेला होता. सगळे चिडले. भाऊ एवढंच म्हणाले, "जाऊ द्या. घरी पोचला ना तो."

कामरगावच्या स्टँडवर जीप लावायची त्यांची जागा ठरलेली होती. कडुनिंबाच्या अलीकडे, पाठ झाडाकडे करून. त्या झाडाखाली पोत्यावर टोपलं घेऊन वच्छलाबाई बसायची. ती त्यांची बायको. बोरं, पेरू, उकडलेल्या शेंगा, हिवाळ्यात हरभऱ्याचे घाटे, ज्याचा हंगाम असेल ते ती विकायची. तिचा आवाज स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा.

जीप जुनी होती. स्टार्टर दुरुस्त केला की महिन्याभरात पुन्हा जायचा, म्हणून भाऊ इंजिन बंदच करत नसत. प्रवासी भरेपर्यंत, कधी अर्धा तास, कधी तास, जीप आपली धडधडत उभी. मागून काळा धूर. बाया नाकाला पदर लावायच्या. भाऊ हसून म्हणायचे, "धूर नाई मॅडम, काजळ हाय. फुकटात मिळून राह्यलं."

लगेच मागून आवाज यायचा, "तुमचं काजळ तुमीच घाला डोळ्यात! माह्ये सारे पेरू काळे झाले!"

सगळी जीप हसायची. मीही हसायचे. आज ते आठवलं की माझंच मला कसंतरी होतं.

समोरच्या बाजूला चांगली सावली होती, तरी भाऊ जीप इथेच लावायचे. एकदा मी विचारलं, "भाऊ, तिकडे का नाही लावत?" ते लाजले. साठीकडे झुकलेला माणूस असा लाजलेला मी कधी पाहिला नव्हता. आरसा जरा सारखा करत म्हणाले, "इथून दिसते."

"काय दिसतं?"

"दिसते म्हनलं ना."

मी आरशात पाहिलं. त्यात टोपल्यावरच्या माशा हाकलणारी वच्छलाबाई होती.

तिचा खोकला कधी सुरू झाला ते मला नक्की सांगता येणार नाही. आधी हिवाळ्यापुरता होता, मग बारमाही झाला. पुढे स्टँडभर जाणारा तो आवाज टोपल्यापुरता उरला. एक वाक्य बोलताना ती मध्ये दोनदा थांबायला लागली. गावातली औषधं झाली, कारंज्याचा डॉक्टर झाला. मग अमरावतीला छातीच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. भाऊ शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, तुमी येता का संगं? तो डॉक्टर इंग्लिशमंधी बोलला तं मले समजाचं नाई."

डॉक्टर मराठीतच बोलले. त्यांनी फोटो पाहिला, नळीत फुंकायला लावलं, मग एकेक विचारत गेले. चुलीवर स्वयंपाक? "नाई जी. लय सालापासून गॅस हाय." तंबाखू, बिडी? "नाई बाप्पा." मग त्यांनी विचारलं, "धुरात काम करत होता का? भट्टी, कारखाना? गाड्यांच्या धुरात बसणं?"

वच्छलाबाईनं भाऊंकडे पाहिलं. भाऊ खाली फरशीकडे बघत होते.

"नाई जी," ती म्हणाली. "कुठचा धूर? झाडाखाली मोकळ्या हवेत बसतो मी."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. फुप्फुसं बरीच खराब झाली आहेत, गेलं ते परत येणार नाही, जे उरलंय ते जपायचं, धुळीपासून, धुरापासून लांब राहायचं, असं सांगितलं. मी खरं बोलू शकले असते. पण तिनं माझा हात टेबलाखाली धरून ठेवला होता.

परतताना निम्म्या रस्त्यात भाऊंनी जीप कडेला घेतली आणि उतरून मागे गेले. इंजिन चालूच होतं. बराच वेळ झाला तरी येईनात, म्हणून मी खाली उतरून पाहिलं. ते सायलेन्सरसमोर उकिडवे बसले होते. तोंड धुराच्या अगदी समोर धरलं होतं. मी हाक मारली तेव्हा उठले. डोळे लाल झाले होते. नाकाभोवती काळं झालं होतं.

गाडीत बसल्यावर वच्छलाबाईनं विचारलं, "काय पायलं?"

"काई नाई. टायर पायला."

तिनं पदरानं त्यांचं नाक पुसलं आणि बाहेर बघत बसली.

त्या आठवड्यात त्यांनी जीप विकायला काढली. मानोऱ्याचा एक माणूस चांगली किंमत देत होता. भाऊंनी त्याला दिली नाही. भंगारवाल्याकडे नेली, आणि ती कापून होईपर्यंत तिथे उभे राहिले. मी म्हटलं, "भाऊ, चालती गाडी होती. विकली असती तर काय झालं असतं?"

"तो माणूस कुठं तरी उभी करंल ना मॅडम. तिच्यामांगं आनखी कोनी बसंल."

पुढे काही महिन्यांनी त्यांनी एक जुनी कार घेतली, चार-पाच वर्षं वापरलेली, डिझेलचीच, पण धुराच्या नव्या नियमांची. तिच्या पोटाखाली धूर गाळायची पेटी होती. आयुष्यभर काळा धूर सोडलेल्या माणसाला त्या पेटीचं इतकं कौतुक वाटलं, की गावात नवा जावई आल्यासारखं ते सगळ्यांना गाडी दाखवत सुटले. माणसाला मागे घेऊन जायचे, पांढरा रुमाल काढायचे, सायलेन्सरच्या नळीत आतपर्यंत फिरवायचे आणि बाहेर काढून दाखवायचे. रुमाल पांढराच.

एकदा शाळेतही आले. "मॅडम, पोट्ट्याईले दाखवू का?" पोरांनी गाडीभोवती गर्दी केली. रुमाल आत गेला, बाहेर आला. पोरं टाळ्या वाजवायला लागली. चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "मंग काका, धूर जाते कुठी?"

"अंदर एक जाळी हाय. काजळी तिच्यात अडकते. गाडी मोठ्या रोडवर जोरात पयवली का ते पेटी तापते, अन् काजळी जळून जाते."

"अन् राख?"

भाऊंनी रुमाल खिशात घातला. "राखंचं मिस्त्रीले इचारतो," म्हणाले.

गाडीचा एक नियम होता आणि भाऊ तो पोथीसारखा पाळायचे. गावातल्या गावात फिरवून ती पेटी तापत नाही, काजळी साचते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी लांब, न थांबता, एका वेगात न्यायची. त्यांनी गुरुवार धरला. दर गुरुवारी दुपारी वच्छलाबाईला पुढे बसवायचे, तिच्या पायाशी ऑक्सिजनचं लहान सिलेंडर, आणि अमरावतीच्या दिशेनं निघायचे. बडनेऱ्यापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. काम काही नाही. कोणाला भेटायचं नाही.

सुट्टीच्या दिवसांत एका गुरुवारी मीही गेले. वच्छलाबाई काचेला नाक लावून बसली होती. नळी नाकात, डोईवरचा पदर मागे पडलेला. कोणती तूर चांगली आलीय, कोणाच्या शेतात संत्र्याची नवी झाडं लावलीत, रस्त्याकडेच्या कोणत्या घराचा रंग बदललाय, सगळं ती बघत होती आणि सांगत होती. मध्येच म्हणाली, "बाई, जिंदगीभर स्टँडवर बसून मी लोकाईले जातानी पायलं. आता मी जाऊन राह्यली." आणि हसली. हसताना खोकला आला, पण तो ओसरल्यावरही ती हसतच होती.

भाऊ रस्त्यावरून नजर न काढता म्हणाले, "गाडीले लागते म्हनून जाऊन राह्यलो. तुह्यासाठी नाई."

"मालूम हाय," ती म्हणाली.

दोन वर्षं असं चाललं. मग मीटरवरचा त्या पेटीचा पिवळा दिवा वरचेवर लागायला लागला. बडनेऱ्यापर्यंत जाऊन आलं की विझायचा, दोन दिवसांत परत लागायचा. अमरावतीच्या मिस्त्रीनं गाडी वर उचलून पाहिली आणि त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. काजळी जळते, राख जळत नाही. ती थोडी थोडी जाळीत बसत जाते. अशी जाळी दीड-दोन लाख किलोमीटर चालते, पण पहिल्या मालकानं गाडी सारी शहरात वापरलेली, त्यामुळे हिची लवकर भरली. नवी पेटी लाखाच्या वर जाईल. गाडीच आता दोन-अडीच लाखांची उरली असेल.

"येवढं कोनी टाकत नाई, काका," मिस्त्री म्हणाला. "आतली जाळी फोडून काढतो, कॉम्प्युटर लावून दिवा बंद करतो. पाच-सात हजारात काम. सारे तेच करून राह्यले. गाडी आनखी पयंल."

"अन् धूर?"

"थोडासा येईल. डिझेल हाय, धूर तं येनारच."

भाऊंनी मान हलवली. "नाई."

मिस्त्रीनं पेटी खोलून धुऊन, फुंकून दिली. नागपूरला यंत्रावर साफ करतात, तिथेही भाऊ एकदा नेऊन आले. त्यावर काही महिने निघाले.

मग वच्छलाबाई अंथरुणाला खिळली. गुरुवार बंद झाले. ती गाडीत बसू शकत नव्हती आणि तिला सोडून भाऊ जाईनात. गाडी फिरायची ती एवढ्याएवढ्याशा कामाला, गावातल्या डॉक्टरला आणायला, पोचवायला, औषधाच्या दुकानापर्यंत. मानोऱ्याला दिलेली मुलगी रेखा येऊन राहिली होती. ती म्हणायची, "बाबा, मी हाय ना आईपाशी. जाऊन या तुमी एक चक्कर." ते म्हणायचे, "जातो. उद्या जातो." दिवा लागलेला मी स्वतः पाहिला होता. मीही म्हटलं होतं, भाऊ, जाऊन या. पण ते तिच्या खाटेपाशी बसून राहायचे. पंख्याची दिशा बदलायचे, पाणी द्यायचे, पाय दाबायचे.

ती गेली त्या दिवशी दुपारी मी फळ्यावर भागाकार लिहीत होते. बाहेर हॉर्न वाजला. शाळेपुढे भाऊ कधीच हॉर्न वाजवत नसत. मी धावत गेले. मागच्या सीटवर वच्छलाबाई आडवी होती, रेखा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. सरकारी रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, यायला तासभर लागणार होता.

"चाला मॅडम," भाऊ म्हणाले. खडूच्या हातांनी मी तशीच गाडीत बसले, तिच्या पायांशी.

अमरावतीचा सुरुवातीचा रस्ता बरा कापला. मग मीटरवर दुसरा दिवा लागला, लाल, आणि गाडीनं दम सोडल्यासारखं केलं. भाऊंनी पाय दाबला. वेग वाढेना. चाळीस, पस्तीस. जाळी पार भरली की इंजिन स्वतःला वाचवायला ताकद कापतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की भाऊंचा पाय पार खाली टेकलाय आणि बाजूनं ट्रक, मोटरसायकली, सगळे आमच्या पुढे जाताहेत. भाऊ खिडकीतून हात काढून गाड्या थांबवायला लागले. एक जीप थांबली. ड्रायव्हर उतरून आला. पण सिलेंडरसकट तिला उचलायला आम्ही हात लावला, तशी तिनं माझं मनगट धरलं.

"नको. यातच बरं हाय."

"वच्छला, हे गाडी चालून नाई राह्यली वो!" भाऊ ओरडले. तो ओरडा नव्हता, रडणं होतं.

ती थांबत थांबत बोलली. प्रत्येक शब्दाला वेगळा श्वास. "कायले घाई करता? आज बरी... सावकाश चालून राह्यली. सारं... दिसून राह्यलं."

आडवी होती ती. तिला खिडकीतून आभाळाशिवाय काही दिसत नव्हतं.

जीप निघून गेली. आम्ही तसेच चालत राहिलो. भाऊ सारखे बोलत होते. "आलं, आलं. हे आलंच. दहा मिनिटं धर फक्त." माझा हात तिच्या पावलावर होता. बडनेरा यायच्या आधी मला कळलं. रेखालाही कळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. आम्ही दोघींनी भाऊंना सांगितलं नाही. त्यांना गाडी चालवू दिली. दवाखान्याच्या दारापर्यंत ते तिच्याशी बोलत होते.

डॉक्टर तेच होते, छातीचे. म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तरी फरक पडला नसता. भाऊंनी हो म्हणून मान डोलावली. पण त्यांना ते पटलं नव्हतं.

गावात लोक बोलायचे ते बोललेच. जाळी फोडली असती तर बाई वाचली असती. पाच हजाराचं काम होतं. म्हाताऱ्याचा हट्ट. तेराव्याला मी गेले, तेव्हा ते ओट्यावर बसले होते. खिशात कंगवा नव्हता. केस काढलेले. मी शेजारी बसले. ते म्हणाले, "मॅडम, अर्धी मी धुरानं नेली. अन् अर्धी बिनधुराच्या गाडीनं."

डॉक्टरांचं वाक्य मी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आत वळून म्हणाले, "रेखा, मॅडमले चहा दे."

दोन महिन्यांनी कळलं की भाऊंनी गाडी दुसऱ्या गाडीला बांधून, ओढत अमरावतीला नेली आणि नवी पेटी बसवली. पैसे कुठून आणले ते मी विचारलं नाही. लोकांनी कपाळाला हात लावला. बाई जिवंत होती तेव्हा नाही, आणि आता? मिस्त्रीही म्हणाला म्हणे, काका, आता तरी जाळी काढून टाका, कशाला एवढा खर्च. त्याला दिलेलं उत्तर भाऊंनी मलाही सांगितलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं.

"आता काढली, तं मंग तवा तिले हळू कायच्यासाठी नेलं मी?"

एका गुरुवारी ते एकटेच बडनेऱ्यापर्यंत जाऊन आले. दुसऱ्या दिवशी गाडी मानोऱ्याला जावयाकडे देऊन टाकली. तो तिकडच्या तांड्यांवरून बाळंतिणींना, पेशंटांना नेतो-आणतो. भाऊंनी त्याला किल्ली देताना एवढंच सांगितलं, "हप्त्यातून एकडाव लांब नेजो. राह्यलं काम तं राहू देजो, पन नेजो." स्वतः ते परत कुठल्याच गाडीच्या स्टिअरिंगला बसले नाहीत.

मग मला कारंज्याच्या शाळेवर बदली मिळाली. कामरगावचा शेवटचा दिवस होता. पोरांनी दिलेली फुलं, एक नारळ आणि फोटोची फ्रेम सांभाळत मी स्टँडवर आले. कडुनिंबाखाली आता दुसरी बाई बसते, तरुण आहे, पोर कडेला घेऊन पेरू विकते. वच्छलाबाई कोण, हे तिला माहीत नसावं.

तिच्यापुढे तीन जीपा धडधडत उभ्या होत्या, आणि भाऊ एकेका जीपपाशी जात होते. खूप वाळले होते. पहिल्या ड्रायव्हरनं त्यांना पाहताच इंजिन बंद करायला चावी फिरवली. दुसऱ्यानं कुरकुर करत फिरवली. मी तिसऱ्या जीपमध्ये बसले होते. तिचा ड्रायव्हर नवा होता.

"बंद कर बाप्पा," भाऊ खिडकीशी येऊन म्हणाले.

"काका, बॅटरी गेली हाय. बंद केली तं सुरू नाई होत मंग."

"बंद कर. निघाच्या टायमाले धक्का मी देतो."

"तुमी?" तो हसला. मग शेजारच्या ड्रायव्हरनं त्याला खुणेनं काहीतरी सांगितलं आणि त्यानं मुकाट इंजिन बंद केलं. स्टँडवर एकदम इतकं शांत झालं की त्या बाईच्या पोराचं रडणं ऐकू आलं.

भाऊंनी मला पाहिलं. "चालल्या, मॅडम?"

"हो, भाऊ."

"येत जा."

जीप भरली. ते मागे गेले. मी फ्रेम बाजूला ठेवून उतरायला लागले, तसा एक प्रवासी म्हणाला, "तुमी बसा मॅडम, ते कोनाले हात लावू देत नाईत." मागच्या काचेतून मला दिसलं, दोन्ही तळवे जीपला टेकवलेले, डोकं दोन हातांच्या मध्ये खाली घातलेलं. जीप हलली. एक पाऊल, दोन, चार. ड्रायव्हरनं गियर टाकला, एक हिसका बसला आणि इंजिन सुरू झालं.

असं सुरू झालेलं इंजिन पहिला धूर भरपूर सोडतं. त्यात भाऊ दिसेनासे झाले. जीप पुढे निघाली. धूर विरला तेव्हा ते रस्त्याच्या मधोमध वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून उभे होते, श्वास गोळा करत. मग सरळ झाले, तोंडावरून हात फिरवला, आणि स्टँडमध्ये नुकत्याच शिरलेल्या एका जीपकडे चालायला लागले.